मामाजी, गोलाई 23 फूट!

पोल्लाची, 8 जून

तीर्थरूप मामाजींस,


काल परांबिकुलमला जाऊन आलो. व्याघ्र प्रकल्प केरळचा, पालक्काड जिल्ह्यातला, पण वाट तमिळनाडूतून. वाटेत टॉपस्लिप लागतं. सागाचे ओंडके इथून उतारावर सोडून देत, म्हणून इंग्रजांच्या काळात पडलेलं नाव.

वनखात्याच्या बसमधून दोन्ही अंगांना सागच साग दिसतो, पण लावलेला, रांगेतला. मूळचा बहुतेक तुटला. लाकूड खाली न्यायला कोचीन संस्थानाने परांबिकुलमहून चालक्कुडीपर्यंत सुमारे 80 किलोमीटरची ट्रामवे टाकली होती. त्यावरून किती माल गेला असेल, हे बल्लारपूरच्या लाकूड डेपोत हयात घालवलेल्या माणसाला मी काय सांगावं!

प्रकल्पातच तुणक्कडवूजवळ कन्निमारा नावाचा जुना साग उभा आहे. तुमचीच सवय लागलेली, त्यामुळे आधी शेंड्याकडे नाही, गोलाईकडे पाहिलं. सात मीटरच्या वर, म्हणजे 23 फूट! बसमधले आम्ही पाच जण हात धरून उभे राहिलो तेव्हा वेढा पुरा झाला. उंची सुमारे 40 मीटर, वय साडेचारशे वर्षं सांगतात. म्हणजे महाराजांच्या जन्माआधीचं झाड. 1994-95 मध्ये केंद्र सरकारने त्याला महावृक्ष पुरस्कार दिला.

लगेच मनात तुमचा हिशेब सुरू झाला. गोलाईचा चौथा भाग पावणेसहा फूट, त्याचा वर्ग 33. म्हणजे फूटभर लांबीला 33 घनफूट माल! तुम्ही म्हणाल, बुडाशी मापून भागत नाही, गोलाई मधोमध घ्यावी लागते, खोड वर निमुळतं होतं. कबूल. तरी त्या झाडाखाली असला हिशेब केल्याची थोडी लाज वाटली.

तिथले आदिवासी त्याची पूजा करतात. कन्निमारा म्हणजे कुमारिका झाड. तोडायला कुऱ्हाड घातली तर खोडातून रक्त आलं, तोडणारे हात जोडून परत गेले, अशी कथा आहे. बसमधले काही जण हसले. मला मात्र लहानपणी तुम्ही सागाचं कोवळं पान माझ्या तळहातावर चोळलं होतं ते आठवलं. हात लालभडक झाला आणि मी रडत आईकडे पळालो होतो. ज्या झाडाच्या पानातून लाल रंग निघतो, त्याच्या खोडातून रक्त आलं असं कुणी म्हटलं, तर मला ते खोटं वाटत नाही. आणि वन्यजीवांचा कायदा आला 1972 साली. तोवर या झाडाची राखण त्या कथेच्या भीतीनेच केली असावी, असं माझं मत.

तुमच्यासाठी एक पान आणणार होतो. पण अभयारण्यातलं पडलेलं पानही उचलू देत नाहीत. तेव्हा गुडघे बरे असतील तर थंडीत चला. टेप घरीच ठेवा.

आपला,
भाचा