सिंहगड रोडवरचे ३२ किलोमीटर

मुंबईची फुल मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे तयारीतला सगळ्यात मोठा लाँग रन डिसेंबरच्या शेवटी येतो. त्यानंतरचे तीन आठवडे पळणं कमी कमी करत आणायचं. लाँग रनला बहुतेक जण ३० ते ३२ किलोमीटर पळतात. आधीच एकदा ४२ पळून बघावं असं कुणालाही वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तेवढ्या पळण्यातून शरीर सावरायला बरेच दिवस जातात आणि मग मुंबईला दमलेलेच पाय घेऊन जावं लागतं.

माझी ही पहिलीच फुल. वय अठ्ठेचाळीस, नोकरी बसून करायची. हाफ झाल्या होत्या, पण ३२ म्हटल्यावर पोटात गोळा आला होता. आम्ही तिघी होतो. मी, शेजारच्या सोसायटीतली माझ्याच वयाची मैत्रीण आणि तिची भाची. भाची तिशीतली, आमच्यापेक्षा कितीतरी जोरात पळते. ती आमच्यासाठी हळू पळायला तयार झाली, तेव्हा बरंही वाटलं आणि थोडं कमीपणाचंही.

रस्ता ठरला तो असा: राजाराम पुलापासून सिंहगड रोडने खडकवासला धरण, तिथून पुढे डोणज्याच्या दिशेने, आणि घड्याळात १६ दिसले की माघारी. शुक्रवारी संध्याकाळी मी आणि नवरा स्कूटरवरून हा सगळा रस्ता बघून आलो. बायकांना पहाटे साडेचारला पळायचं असेल तर ही चक्कर मारावीच लागते. कुठे दिवे बंद आहेत, कुठे खोदून ठेवलंय, कुठे कुत्र्यांची टोळी बसते. आणि मुख्य म्हणजे, स्वच्छतागृह कुठे आहे. धायरी फाट्याच्या पुढे एक पेट्रोल पंप रात्रभर चालू असतो. तिथल्या माणसाला विचारून ठेवलं. तो म्हणाला, ‘‘या ना ताई, किल्ली माझ्याकडेच असते.’’ एवढ्या एका वाक्याने मी निर्धास्त झाले. पुरुष धावपटूंच्या सल्ल्यांत हा विषय कधीच नसतो.

शनिवारी दुपारी पोटभर जेवले, रात्री लवकर मऊ भात. पहाटे साडेतीनला उठून केळं, दोन टोस्ट, चहा. काखेत, मांड्यांच्या आतून आणि ब्राच्या पट्ट्याखाली भरपूर व्हॅसलीन. हे वाचायला अवघडल्यासारखं वाटेल, पण चार तास घामात घासलेल्या कातडीवर अंघोळीचं गरम पाणी पडलं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. बूट आणि मोजे जुनेच, पायांनी ओळखलेले.

गारठा चांगलाच होता. वेग किलोमीटरला आठ मिनिटं. मुंबईला मी साडेसातने पळायचं ठरवलं होतं, म्हणजे हा त्याहून हळू. शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरपर्यंत संपत येते. हळू पळलं की चरबी जास्त वापरली जाते आणि साखर पुरवून पुरवून खर्च होते. वेग बरोबर आहे की नाही, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलता येणं. मैत्रिणीने वडगावपासून नांदेड फाट्यापर्यंत मुलाच्या लग्नातल्या केटररची अख्खी कहाणी सांगितली आणि तिला कुठेही धाप लागली नाही. दर दोन किलोमीटरला एक मिनिट चालत होतो. जेफ गॅलोवे या अमेरिकन प्रशिक्षकाने ही पळण्या-चालण्याची पद्धत लोकप्रिय केली. पहिले दहा किलोमीटर असं थांबून चालणं बावळटपणाचं वाटतं. दूधवालेसुद्धा बघतात.

नांदेडजवळ कुत्री आलीच. अशा वेळी पळायचं नाही, सरळ चालायला लागायचं. भाचीने त्यांना शाळेतल्या बाईंच्या आवाजात दम दिला. कुत्री गेली.

खडकवासल्याच्या जल व विद्युत संशोधन केंद्राची लांबलचक भिंत संपवून धरणावर पोचलो, तेव्हा सहा वाजून गेले होते. अजून अंधारच होता. ठरल्याप्रमाणे नवरा तिथे स्कूटर घेऊन उभा असायला हवा होता. डिकीत पाण्याच्या बाटल्या, इलेक्ट्रॉलच्या पुड्या, उकडलेले बटाटे, सगळं त्याच्याकडे. तो नव्हता. फोन केला तर म्हणाला, मागचं चाक पंक्चर झालंय, किरकटवाडी फाट्याच्या अलीकडे उभा आहे, दुकान उघडायची वाट बघतोय. मी त्याच्यावर अशी चिडले, जसं काही त्याने स्वतः खिळा ठोकला होता.

आमच्या कमरेच्या पट्ट्यांत मिळून चार-पाच खजूर आणि तळाशी राहिलेलं पाणी. मैत्रीण म्हणाली, इथूनच परत फिरू. भाची काही बोलली नाही, पण तिचं तोंड उतरलं. पुढे एक चहाची टपरी नुकतीच उघडत होती. मी विचारलं, ‘‘दादा, लिंबू आहे का?’’ तो म्हणाला, ‘‘सरबत? करून देतो. पण काकू, बर्फ नाहीये.’’ आम्ही तिघी कानटोपीत होतो. इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं.

मुलं लहान असताना जुलाबाच्या वेळी पाठ झालेलं माप अशा वेळी कामाला आलं. लिटरभर उकळून गार केलेल्या किंवा बाटलीबंद पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. टपरीवरून पाण्याची बाटली घेतली, त्याच्याच चमच्याने मोजून घातलं, वरून लिंबू पिळलं. चव ठीकठाक. पण पंधरा मिनिटांत पायांना फरक कळला. पुडीतून आलेलं असो की टपरीवरच्या डब्यातून, मीठ ते मीठच.

धरणाच्या पुढचा रस्ता छोट्या चढ-उतारांचा आहे. तिथेच उजाडलं. गडावर पेरू विकायला निघालेल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन गाडीची वाट बघत उभ्या होत्या. त्यांतली एक ओरडली, ‘‘काय गं बायांनो, गाडी चुकली का?’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘हो, आता पुण्यापर्यंत पळतच जायचं.’’ बाई म्हणाली, ‘‘बसा की मग, सहाआसनी येईल आत्ता.’’

माघारी फिरून धरण ओलांडल्यावर नवरा भेटला. पंक्चर काढून सुसाट आला होता. मी काही बोलले नाही, त्यानेही काही काढलं नाही. सोललेले छोटे बटाटे, मीठ आणि थोडी जिरेपूड लावून फॉइलमध्ये गुंडाळलेले, अजून कोमट होते. एकविसाव्या किलोमीटरला गोड खजुराची शिसारी आलेली असते, तेव्हा असा खारट बटाटा तोंडात विरघळतो. एनर्जी जेल मी वापरून बघितली आहेत, माझ्या पोटाला मानवत नाहीत. बटाटा मानवतो. अर्धा अर्धा चावून खायचा, वर दोन घोट पाणी, आणि चालता चालताच.

सातनंतर गडावर जाणाऱ्या मोटरसायकली सुरू झाल्या. आम्ही समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळत होतो, तरी दोन-तीनदा कडेच्या मातीत उतरावं लागलं. पंचवीसनंतर मांड्या जड झाल्या. बोलणं आपोआप बंद. भाचीला आम्ही पुढे जायला सांगितलं, ती नको नको म्हणत गेली आणि दोन मिनिटांत दिसेनाशी झाली. आता दर किलोमीटरला एक मिनिट चालायला लागलो.

आठनंतर ऊन आलं. पहाटे तीनला निघून हे टाळता आलं असतं, पण मुंबईत माझ्या वेगाने शेवटचे आठ-दहा किलोमीटर उन्हातच आणि दमट हवेत निघणार. त्याची थोडी सवय हवीच होती. टोपीवर पाणी ओतून घेत पळत राहिले.

राजाराम पुलाजवळ घड्याळात ३२ झाले तेव्हा नऊ वाजून गेले होते. मैत्रीण माझ्या मागे काही पावलांवर. पायांत गोळा नाही, पोटात कळ नाही. आणखी दोन किलोमीटर पळता आले असते. पळले नाही. त्या दोन किलोमीटरसाठीच तर एवढा हळूपणा केला होता. भाची फुटपाथवर बसून इडली खात होती. म्हणाली, ‘‘मावशी, तुम्ही दोघी अजून बोलताय!’’

घरी आमच्या इमारतीची लिफ्ट नेमकी बंद होती. तीन मजले कठड्याला धरून चढले, पण चढले. अंघोळ, वरण-भात, वर दोन चमचे तूप, आणि दुपारी दोन तास गाढ झोप. उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचं नख थोडं काळं पडलं. मुंबईआधी नखं कापायची, पण आदल्या रात्री नाही, तीन-चार दिवस आधी. सोमवारी ऑफिसला गेले. पळणं थेट बुधवारी, तेही पाचच किलोमीटर.