एकसष्ट रोपं आणि एक शेवंती

नातेवाइकांत माझ्या शेवंतीबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत. मी फुलांना रंग पाजते, मी कलमं बांधते. एका चुलत दिरांनी तर मी कुंडीला इंजेक्शन देते असंही कुणाला सांगितलं होतं! तर मंडळी, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने शेवंतीची नवी जात कशी काढली, ते एकदाचं नीट लिहूनच टाकते.

आधी फुलाविषयी. आपण ज्याला शेवंतीचं एक फूल म्हणतो, तो खरं तर लहान लहान फुलांचा मेळावा असतो. कडेची एकेक पाकळी हे एकेक फूल, आणि त्यात फक्त स्त्रीकेसर. मधल्या पिवळ्या बटणात नळीसारखी फुलं दाटीवाटीने बसलेली असतात, त्यांच्यात स्त्रीकेसरही असतो आणि परागही. गच्च भरलेल्या शेवंतीत हे बटण जवळजवळ नसतंच, म्हणून पराग हवे असतील तर बटण दिसणारं झाड शोधावं लागतं. शिवाय शेवंतीला स्वतःचे पराग सहसा चालत नाहीत. सगोत्र विवाह वर्ज्य! दोन वेगळी झाडं घेऊन स्थळ जुळवावंच लागतं.

मी २०१२ च्या हिवाळ्यात जुळवलेलं स्थळ असं. आई आमच्या सांगलीच्या परसातली पिवळी. फुलं भरपूर आणि देखणी, पण झाड अडीच फूट वाढणार आणि काठी दिली नाही तर लोळणार. बाप नर्सरीतून आणलेली जांभळट गुलाबी, वीतभर उंचीची, कुंडीत गोल बसणारी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा खुडावा लागत नाही, काठी लावावी लागत नाही अशा कुंडीतल्या छोट्या शेवंती तयार केल्या आहेत, हे मी वाचलं होतं. तशीच एखादी आपल्या अंगणातली असावी, आठ इंची कुंडीत न लोळता उभी राहावी आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला हजर असावी, एवढीच माझी हाव.

काम कात्री आणि ब्रशचं. आईच्या पाकळ्या बुडापाशी कापल्या की आतले स्त्रीकेसर दिसायला लागतात. त्यांची टोकं सापाच्या जिभेसारखी दुभंगली, की समजायचं वेळ झाली. मग चित्रकलेच्या बारीक ब्रशने बापाचे पराग तिथे टेकवायचे, वर बटर पेपरची पिशवी, देठाला दोरा आणि तारीख. सगळे स्त्रीकेसर एकदम तयार होत नाहीत, म्हणून एक दिवसाआड हेच तीन-चार वेळा. हे लांबून बघत म्हणाले, "शाळेत लग्नं लावायची राहिली होती वाटतं!"

दोनेक महिन्यांनी बोंड वाळलं. आत तिळापेक्षाही बारीक बिया. युरोपात कितीतरी काळ शेवंतीला बी धरतच नाही असं मानत. तिथे ती फुलते तेव्हा थंडी आणि ओल एवढी, की बी पिकायचंच नाही. १८२७ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला बर्ने नावाच्या एका निवृत्त लष्करी माणसाने बियांपासून रोपं केली आणि मग तिकडे नव्या जातींची रीघ लागली. आपल्याकडचं माघातलं कोरडं ऊन या कामाला फार चांगलं.

पुढच्या हिवाळ्यात एकसष्ट रोपं फुलली, आणि एकसष्टांपैकी दोन सारखी नाहीत! कारण असं, की माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर शेवंतीत नऊ-नऊचे सहा, एकूण चोपन्न. इतके पत्ते पिसल्यावर प्रत्येक डाव निराळा. कुणी आईसारखं उंच, कुणी बापासारखं बुटकं पण फुलांत कंजूष, कुणी जानेवारी संपत आला तरी कळीतच. शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते. काही रोपं मी मुद्दाम गल्लीतल्या दिव्याखाली ठेवून पाहिली, ती बाकीच्यांच्या बरीच मागे राहिली.

इथे खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती माझी होती. छत्तीस वर्षं मी वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाऊन शिकवलं. कुणालाही "तू नको" म्हणायचं नाही हा नेम. आणि इथे एकसष्टांतली साठ बाजूला काढायची! पहिल्या वर्षी चार ठेवली, २०१५ पर्यंत एकच उरलं. बाकीची पेठेत, देवळात, कामवाल्या मावशींच्या दारात गेली. मावशींकडची पांढरी अजून फुलते. त्यांच्या मते मी निवडीत चुकले. असतीलही त्या बरोबर.

राहिलेल्या एकीचा रंग चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या तांब्यासारखा. पिवळ्यावर जांभळट चढला की असा रंग उमटतो. पण एक वर्ष चांगलं गेलं म्हणून जात होत नाही. आपल्याकडे २००१ चा वाणांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात नव्या वाणाला तीन कसोट्या लावतात: तो इतरांपासून वेगळा हवा, त्याची सगळी झाडं एकसारखी हवीत आणि ते गुण पुढेही टिकायला हवेत. मला नोंदणी करायची नव्हती, पण प्रश्नपत्रिका चांगली होती. दरवर्षी शेंडे खुडून वाळूत लावायचे, त्यांची डझनभर रोपं करायची आणि शेजारी शेजारी ठेवून पाहायची. २०१८ पर्यंत ती दरवेळी पास झाली.

आता यातली मेख. या झाडाचं बी पेरलं तर पुन्हा नवा डाव, ही शेवंती काही परत येणार नाही. ती टिकते फक्त शेंड्यांतून आणि मुळाशी फुटणाऱ्या काश्यांतून. दरवर्षी कुणीतरी हाताने लावली तर आहे, नाही लावली तर नाही. जवळचे लोक सांगत होते, "एवढ्या कष्टाची वस्तू, कुणाला काशी देऊ नका." मी ऐकलं नाही. शिक्षकाला कुठलीही गोष्ट स्वतःजवळ ठेवता येत नाही, हा धंद्याचाच दोष. वाईच्या बहिणीला दिली, मिरजेच्या एका जुन्या विद्यार्थ्याला दिली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही दोघं औषधं, कागदपत्रं आणि देवातली अन्नपूर्णा घेऊन बाहेर पडलो. नऊ दिवसांनी परतलो तेव्हा अंगणात गुडघाभर चिखल होता. शेवंतीच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. बाराही कुंड्यांतली रोपं कुजून गेली होती. सात वर्षांचं काम मी फावड्याने उचललं. त्या दिवशी रडले नाही, कारण शेजारच्यांचं तर घरच पडलं होतं. कुंडीसाठी काय रडायचं?

दिवाळीनंतर विद्यार्थी स्कूटरवर पुढ्यात कुंडी ठेवून आला. म्हणाला, "बाई, तुमची आहे." कळ्यांत तांब्याचा रंग दिसत होता. ते गेलेल्या झाडाचं मूल नव्हतं बरं का, तेच झाड होतं. शेंड्यातून वाढलेलं रोप म्हणजे मूळ झाडाचाच एक तुकडा. त्या दिवशी मात्र रडले.

आता मी शहात्तरीत आहे. हात थरथरतो, ब्रशने पराग टेकवणं जमत नाही. शेंडे खुडून वाळूत लावणं मात्र जमतं, आणि जूनमध्ये येईल त्याच्या हातावर दोन रोपं ठेवणंही जमतं. वाईला २०२२ मध्ये एका फांदीला निव्वळ पिवळी फुलं आली. शेवंतीत असं कधी कधी आपोआप होतं. बहिणीने फोन करून भीतभीत विचारलं, "ती फांदी काढून टाकू का ग?" म्हटलं, वेडी का तू? वेगळ्या कुंडीत लाव, ती तुझी जात.

माझ्या शेवंतीला नाव ठेवायचं राहूनच गेलं. वाईत तिला 'सांगलीची' म्हणतात, मिरजेत 'बाईंची'. आमच्या घरी ती नुसती 'ती'. तुम्हाला हवी असेल तर जूनमध्ये या. येताना रिकामी कुंडी आणा, माझ्याकडच्या पुरत नाहीत.