रा. रा. जी-सिक्स-पीडी यांस

मु. पो. गारगोटी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर

रा. रा. जी-सिक्स-पीडी विकर यांस,
मु. पो. तांबडी पेशी

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझी उभी नोकरी हिवतापाच्या कामात गेली. वाड्यावस्त्यांवर तापकऱ्यांच्या बोटांना सुई टोचली, काचपट्टीवर रक्त घेतलं, गोळ्या वाटल्या. त्या प्रत्येक थेंबात आपण होता; पण कधी खाकरलासुद्धा नाही.

आधी उपकार मानतो. तांबडी पेशी फुटू नये म्हणून आपण रात्रंदिवस राबता. पण काही घराण्यांत आपण लवकर दमता आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. यकृतात दडलेला व्हायवॅक्स हिवताप काढायला प्रायमाक्विन १४ दिवस द्यावं लागतं, आणि त्यानं अशा घराण्यातल्या माणसाची लघवी काही दिवसांतच काळपट होते, डोळे पिवळे पडतात. तान्ह्याची दुपटी डांबरगोळ्यांच्या ट्रंकेत ठेवलेली असली तरी तीच गत होऊ शकते. आजीनं जपून ठेवलेली दुपटी हो ती! तिच्यावर कसला राग?

बरं, आपली ही ढिलाई येते बहुधा आजोळाकडून. आपला जनुक एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे आई धडधाकट दिसते आणि मुलगा सापडतो. मामाची चौकशी केली की पुष्कळदा उलगडा होतो.

आपला गोतावळाही मोठा. १९६३ साली मुंबईच्या पारशी समाजात आपली ही ढिलाई नोंदली गेली. कुर्दिस्तानातून आलेल्या ज्यूंमध्ये निम्म्याहून अधिक पुरुषांत ती आढळली. एका कोळी कुटुंबात सापडलेल्या आपल्या रूपाला ‘कल्याण’ नाव मिळालं. १९९२ मध्ये कळलं, ज्या रूपाला ‘केरळ’ म्हणतात तेही हेच. हिवताप जिथं पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता, तिथं आपला आळस कामी आला. अशा पेशीत परजीवीचं नीट बस्तान बसत नाही. पुढं लग्नं आपसातच होत गेली, की तो तिथंच साचतो.

तक्रार आहे ती याच्याच पुढची. सोयरीक जुळवताना ‘आमचं रक्तच वेगळं’ म्हणणारे इथंही भेटतात. त्यांच्यापुढं आपल्या भाऊबंदांची साक्ष काढावी लागते. १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लिवॉन्टिन यांनी रक्तगट, रक्तातली प्रथिनं आणि विकरं मिळून १७ जनुकांचा हिशेब मांडला. माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के फरक एकेका समाजाच्या आतच निघाला. म्हणजे भावकीतच! पण बैठकीत आकडे कोण ऐकतो? चहा येतो आणि विषय बदलतो.

आता विनंती एवढीच. कागदावरचा रक्ताचा ठिपका रसायन घालून अतिनील दिव्याखाली धरला, की आपण कामावर असाल तर तो चमकतो, नसाल तर अंधारा राहतो. ही हजेरी पहिली गोळी पोटात जाण्याआधी लागावी. तपासणीची सोय होईतो आमच्या नव्या पोरांना सांगून ठेवलंय: गोळी देण्याआधी विचारा, मागं कधी औषधानं लघवी काळी झाली होती का? आणि मामाची?

कळावे, लोभ आहेच; तो वाढावा.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक