समुद्रकाठची टंचाई

समुद्रकाठच्या दांडी गावात जुन्या टंचाईचा विषय काढला की म्हातारी माणसं आधी भाताचं बोलतात. समोर एवढा समुद्र असताना उपासमार कसली, असं बाहेरच्याला वाटेल. पण नुसत्या मासळीवर घर चालत नाही. सुके बोंबील, करंदी, जवळा पाटीत भरून बायका आतल्या पाड्यांवर जायच्या आणि बदल्यात भात आणायच्या. तिकडचं भात बुडालं की इकडची चूल थंडावायची. त्यात पावसाळा. होड्या शाकारून वर ओढलेल्या; नारळी पौर्णिमेपर्यंत जी काय बेगमी असेल तेवढीच.

पाड्यांवर अशा दिवसांत कडूकंद उकरून आणत. तो तसाच खाल्ला तर बाधतो. पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग पाटीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, कडूपणा जाईस्तोवर. इतकी खटपट जिभेच्या चोचल्यासाठी कोणी करत नाही. भुकेनेच ही कृती शिकवली, आणि आयांनी ती लेकींच्या हाती दिली.

1972 चा दुष्काळ म्हटला की मराठवाड्यातली खडी फोडणारी माणसं, सुकडी, मिलो डोळ्यांपुढे येतात. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली, तेव्हा साऱ्या राज्याला हादरा बसला. मरण आलं की नोंद होते. अर्धपोटी काढलेल्या पावसाळ्यांची नोंद कोण ठेवणार? ही हेळसांड मला फार लागते.

अशी नोंद ठेवता येते, हे आयर्लंडने दाखवलं. तिथे 1845 पासून बटाट्यावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसं गेली, तितक्यांनीच देश सोडला. समुद्र त्यांच्याही दारात होता. पण पोटासाठी कित्येक कोळ्यांनी जाळीच गहाण टाकली होती. पुढे 1937 ते 1939 या काळात तिथल्या शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या आठवणींच्या वह्या भरल्या. 1945 मध्ये लोकसाहित्य आयोगाने खास दुष्काळाची प्रश्नावली गावोगाव पाठवली. त्या वह्या आणि उत्तरं आजही जपून ठेवली आहेत.

आपल्याकडे 1972 साली दहा वर्षांची असलेली पोर आज साठी ओलांडून गेली आहे; तिने आपल्या आजीकडून ऐकलेलं तिच्याबरोबरच जाईल. दांडी, नवापूर, आलेवाडी, मुरब्याच्या गुरुजींनो, बाईंनो, येत्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एकच अभ्यास द्या: घरात धान्य नव्हतं तेव्हा काय शिजत होतं, हे आजीला विचारून तिच्याच बोलीत लिहून आणा.