भागवंतीचं काय करायचं?

नवरा बसेसर राम दारू पिऊन घरी येतो, सासू घालूनपाडून बोलते आणि भागवंती सगळं मुकाट्याने सोसत राहते. ‘हम लोग’ मालिकेत हे पात्र योजण्यामागचा हेतू उघड होता: बायांनो, असं जगू नका. मालिकेचा अभ्यास करणाऱ्या अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांना मात्र असे अनेक प्रेक्षक आढळले, ज्यांच्या लेखी भागवंती हीच आदर्श होती.

मालिकेचा मूळ आराखडा मेक्सिकोचा. तिथल्या मिगेल साबिदो यांनी सत्तरच्या दशकात साक्षरता आणि कुटुंबनियोजनासाठी मालिका रचल्या. त्यांत एक अनुकरणीय पात्र, एक टाळण्याजोगं आणि या दोघांच्या मध्ये हेलकावे खात हळूहळू बदलणारं तिसरं. वर्ध्याचे खासदार आणि तत्कालीन नभोवाणीमंत्री वसंत साठे यांनी तो प्रयोग मेक्सिकोत पाहिला. त्यातूनच जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ पर्यंत तिचे १५६ भाग झाले.

सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका होता, की लोक कंटाळले. लेखक मनोहर श्याम जोशी यांनी तो आवरता घेतला आणि घरातली भांडणं, लग्नं, नोकऱ्या पुढे आणल्या. जोशी मुळात कादंबरीकार. कादंबरीवर वाचकाचं पत्र येतं तेव्हा शेवटचं प्रकरण केव्हाच छापून झालेलं असतं. इथे कथा अर्ध्यावर असतानाच पत्रांचे गठ्ठे येऊन पडत होते, एकूण चार लाखांहून अधिक! भागवंतीच्या थोरल्या मुलीने, बडकीने, लग्न कुणाशी करावं, हेही लोक कळवत होते. (घरातल्या मुलीच्या लग्नात शेजारी बोलणारच.)

म्हणून नुसती संहिता वाचून मालिकेचा अभ्यास पुरा होत नाही. दोन-तीन तासांच्या चित्रपटात भागवंती एक उदाहरण ठरली असती, तिच्यावरून धडा घेऊन प्रेक्षक उठला असता. सतरा महिने तीच बाई घरात येत राहिली, की तिचा दोष अंगवळणी पडतो आणि सोसणं हा गुण वाटू लागतो. लांबीमुळे पात्राविषयी जिव्हाळा वाढतो खरा, पण त्याच लांबीत लेखकाचा हेतू विरघळतो. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार पडद्यावर येऊन भागाचं सार सांगत, प्रश्न विचारत. प्रश्न खुला ठेवला की उत्तरही लोकांचंच येणार, आणि अनेकांचं उत्तर आधीच ठरलेलं होतं.

सरकारी धड्याचं काय झालं यावर अभ्यासकांचा खल चालू राहिला. व्यापाऱ्यांनी मात्र आपला धडा चटकन घेतला. मालिकेच्या प्रायोजकाचे मॅगी नूडल्स घराघरांत माहीत झाले आणि प्रायोजित मालिकांची रांग लागली. जोशींनी पुढे फाळणीच्या पार्श्वभूमीवर ‘बुनियाद’ लिहिली. तिच्यात कुटुंबनियोजन नव्हतं, साबिदोंचा आराखडाही नव्हता. होती ती नायिका लाजोजी: सोसणारी, घर धरून ठेवणारी आणि या खेपेस टाळण्याजोगी म्हणून न योजलेली.