एलपीएन की आरएन: थांबण्याचा हिशेब
अमेरिकेत परिचारिकेच्या परवान्याच्या दोन मुख्य पायऱ्या आहेत. लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे एलपीएन, साधारण वर्षभरात तयार होते. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये तिला व्होकेशनल नर्स म्हणतात. रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, होण्यासाठी बहुधा कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची किंवा विद्यापीठाची चार वर्षांची पदवी लागते. परवान्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा दोघींनाही चुकत नाही, फक्त प्रश्नपत्रिका वेगळी.

खरा पेच आरएनच्या प्रवेशाचा. कम्युनिटी कॉलेजची फी परवडते, पण शिकवणारे कमी आणि रुग्णालयांतल्या प्रात्यक्षिकाच्या जागाही मोजक्या. त्यामुळे पात्र विद्यार्थीही प्रतीक्षायादीत अडकतात. त्यातच शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र अशा पूर्वविषयांचे श्रेयांक अनेक कॉलेजे काही वर्षांनी ग्राह्य धरत नाहीत. थांबण्याची ही छुपी किंमत सहसा कोणी आधी मोजत नाही.

एलपीएनचा पगार लवकर सुरू होतो, मात्र त्याला मर्यादा आहे: 2023 मध्ये तिचा मध्यक वार्षिक पगार साठ हजार डॉलरच्या आत होता, आरएनचा सुमारे 86 हजार. एलपीएनच्या नोकऱ्या सर्वाधिक नर्सिंग होममध्ये. औषधे, ड्रेसिंग, रक्तदाब ही कामे तिची. रुग्णाचे सर्वंकष मूल्यमापन आणि शुश्रूषेचा आराखडा आरएनकडे. एलपीएनला शिरेतून औषध देण्याची मुभा राज्यागणिक बदलते.

एलपीएनला पुढे आरएन होण्यासाठी ब्रिज अभ्यासक्रम आहेत, त्यांत आधीच्या शिक्षणाची सूट मिळते. पण विज्ञानाचे पूर्वविषय तिथेही लागतात, म्हणून ते नोकरी करता करता उरकणे शहाणपणाचे. हातात काही नसताना नुसते यादीत बसणे हा सर्वांत महागडा पर्याय.