मामा, मी आणि एक निळं विमान

आखाजीला खान्देशातल्या बायका माहेरी जातात. झोके, पुरणपोळी, आमरस, गौराईची गाणी असा सगळा थाट. माझी आई दरवर्षी जळगावहून धुळ्याला जाते, म्हणजे मामांकडे. यंदा मीही तिच्याबरोबर एसटीत बसले. तिच्या मांडीवर आंब्यांची पिशवी आणि माझ्या मांडीवर बुटांच्या खोक्याएवढा एक बॉक्स. एरंडोल येईपर्यंत तिनं तीनदा विचारलं, "यात नक्की आहे तरी काय?"

"विमान."

"कितीचं?"

मी थेट पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. (खरी किंमत साडेसात हजार, वर कस्टम ड्युटी. आई, तू हे वाचत असशील तर सॉरी!)

सगळी चूक मामांची आहे. मामा टूलरूममधले फिटर. जळगावच्या एमआयडीसीत त्यांनी तीसेक वर्षं काढली. पाइपचे एल्बो, टी, झाकणं ज्या डायमधून निघतात, त्या डाय बनवणं हे त्यांचं काम. आठवडाभर आमच्याकडे राहायचे आणि शनिवारी धुळ्याची गाडी पकडायचे. बाकीच्यांचे मामा चॉकलेट आणायचे. माझ्या मामांनी २०११ साली मुंबईहून एअरफिक्सचं स्पिटफायर आणलं. मी तेव्हा आठवीत होते. बॉक्स उघडल्यावर मामांनी विमान बघितलंच नाही. त्यांनी प्लॅस्टिकची ती जाळी उजेडात धरली, पार्टिंग लाइनवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "डाय कोणी बनवली माहीत नाही, पण माणूस कामाचा आहे." मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मेड इन इंडिया!

विमानाचा स्केल होता १/७२. हा विचित्र आकडा कुठून आला, ते मामांनी एका मिनिटात समजावलं. सहा फूट म्हणजे ७२ इंच. त्यामुळे सहा फुटी माणूस या दुनियेत बरोब्बर एक इंचाचा होतो. शाळेत गुणोत्तर-प्रमाण शिकवायला दोन आठवडे लागले होते.

त्या स्पिटफायरच्या पंखांवर इंग्रजांचे निळे-पांढरे-लाल गोल चिकटवायचे होते. मामांनी मला त्यातला लाल ठिपका फिकट निळ्या रंगानं बुजवायला लावला. कारण ब्रह्मदेशच्या आघाडीवर लाल ठिपका दिसला की तो जपानी समजून आपलीच माणसं गोळी घालतील, अशी भीती होती. म्हणून तिकडच्या विमानांवरून लाल रंगच काढून टाकला होता. १९४४ मध्ये आपल्या हवाईदलाच्या आठ नंबर स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळाली, तीही अशीच, निळ्यात निळा गोल असलेली. पुढे १९७६ ते १९७८ या काळात हवाईदल प्रमुख झालेले हृषिकेश मुळगावकर तरुणपणी ब्रह्मदेश आघाडीवर लढले होते, हेही मला इतिहासाच्या पुस्तकातून नाही, मामांकडून कळलं. आमचं मॉडेल त्या स्पिटफायरच्या बरंच आधीच्या मार्कचं होतं, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. "चालतं गं," ते म्हणाले. "धुळ्यात कोण ओळखणार आहे?"

तर आता बॉक्समधल्या विमानाविषयी. ते स्पिटफायर नव्हतं, पण तिचा पूर्वज होता. सुपरमरीन एस-६बी हे १९३१ सालचं, पाण्यावरून उडणारं रेसिंग विमान. चाकांऐवजी दोन लांबलचक फ्लोट्स. त्या काळी श्नायडर ट्रॉफी नावाची सीप्लेन्सची शर्यत असायची आणि त्यापायी देशच्या देश वेडे झाले होते. पाण्यावर कितीही लांब धावता येतं, धावपट्टी संपायची भीती नाही. त्यामुळे पंख छोटे ठेवून विमान बेफाम वेगवान करता यायचं. सप्टेंबर १९३१ मध्ये एस-६बीनं ट्रॉफी ब्रिटनकडे कायमची नेली आणि त्याच महिन्यात ताशी ६५५ किलोमीटरचा विक्रम केला. तेव्हाची ब्रिटिश लढाऊ विमानं जेमतेम याच्या निम्म्या वेगाची होती! पुढे इटलीच्या माक्की एमसी-७२नं तोही मोडला आणि १९३४ मध्ये ताशी ७०९ किलोमीटर गाठले. पिस्टन इंजिनाच्या सीप्लेनचा तो विक्रम आजही कायम आहे.

असली अनवट विमानं मोठ्या कंपन्या सहसा करत नाहीत. स्पिटफायरसारख्या किटसाठी महागडी पोलादी डाय लागते, ती हजारो नग विकले तरच परवडते. एस-६बी घेणारे जगात किती? मग युरोपातला एखादा छोटा कारागीर ते रेझिनमध्ये करतो. हातानं मूळ नमुना बनवायचा, त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतायचं. साचा काही डझन नगांत फाटतो. म्हणून रेझिन किट महाग आणि कटकटीचंही. भागांना ओतीव ठोकळे चिकटलेले असतात, ते करवतीनं कापायचे. बुडबुड्यांची भोकं बुजवायची. साच्याचं तेल राहिलेलं असतं, म्हणून सगळं आधी साबणाच्या पाण्यात धुवायचं. प्लॅस्टिकचा सिमेंट इथे चालत नाही, फेविक्विक किंवा अॅरल्डाइटच लागतं. आणि घासायचं ते ओल्या वॉटरपेपरनं, मास्क लावून, कारण रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट.

हे किट मी २०२२ मध्ये फ्रीलान्सिंगचा पहिला बरा चेक आला तेव्हा घेतलं. मग ते पुण्यातल्या रूमवर पलंगाखाली पडून राहिलं. या छंदात अशा न उघडलेल्या खोक्यांच्या ढिगाला स्टॅश म्हणतात, आणि प्रत्येकाला वाटतं की निवांतपणा मिळाला की करू. मी मामांना फोनवर म्हणायचे, दिवाळीत करू. मग उन्हाळ्यात करू. मग गेल्या वर्षी मामींचा फोन आला. मामांना पार्किन्सन्स निघाला होता.

धुळ्याला पोचल्यावर मी बॉक्स टेबलावर ठेवला. मामांचा उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखे. चहाचा कप त्यांनी डाव्या हातानं घेतला. मी बघत नाहीये असं दाखवलं आणि ते त्यांना लगेच कळलं.

"उघड ना," ते म्हणाले.

पहिला दिवस वाईट गेला. सरळ सांगते, माझ्यामुळे गेला. मामांनी एका फ्लोटचा ठोकळा कापायला बारीक करवत घेतली. हात करवतीपर्यंत जाताना थरथरत होता. मला ते बघवेना. "द्या इकडे मामा, तुटेल," असं म्हणून मी करवत त्यांच्या हातातून काढून घेतली. अगदी प्रेमानं वगैरे. मामा काही बोलले नाहीत. उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन आणि हा माणूस भर दुपारी ओट्यावर!

मामी स्वयंपाकघरातून आल्या. त्या एरवी फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "त्यांच्या हातातून काही काढून घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. हात रिकामा असला की जास्त हलतो. कामाला लागला की कमी होतो. आम्ही त्यांना भाजी चिरू देतो."

मी पत्रकार आहे. आरोग्यावर चार लेख लिहिलेत. आणि ही साधी गोष्ट मी वर्षभरात कोणाला विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच करवत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी गोळी घेतली, तासभर पेपर वाचला. "आता तीन तास माझे," ते म्हणाले. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, फ्लोट लाकडी ठोकळ्यात धरला आणि कापायला लागले. थरथर पूर्ण थांबली नाही, पण कमी झाली. खरा त्रास वेगळाच होता. हात आखडतो, हालचाल संथ होते. पूर्वी दोन मिनिटांचं काम आता वीस मिनिटांचं झालंय. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. मोबाइलवर एका एडिटरचे मिस्ड कॉल येत होते, ते येऊ दिले.

कापता कापता, वर न बघता ते म्हणाले, "काल करवत घेतलीस त्याचं काही नाही. तू घाबरलीस, त्याचं वाईट वाटलं."

मला उत्तर सुचलं नाही. मी वॉटरपेपर भिजवत बसले.

त्या दिवशी विमानाचा एक भाग मोडलाच. फ्लोट जोडणारा दांडा, माझ्या ठणठणीत, स्थिर हातातून! मामा इतके हसले की मामी बघायला आल्या. दुसरा दांडा प्रवासातल्या उन्हानं वाकला होता. तो मामांनी गरम पाण्यात बुडवून सरळ केला आणि माठातल्या पाण्यात टाकून पक्का केला. मोडलेला त्यांनी पितळी तार तासून नवा बनवला. त्याला दोन दिवस लागले, म्हणजे त्यांचे सहा तास.

मधल्या वेळात मी त्यांना आर. जे. मिचेलबद्दल सांगितलं. एस-६बी त्याचीच आणि स्पिटफायरही. १९३३ मध्ये कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झाल्यावरही तो कामावर परतला. मार्च १९३६ मध्ये स्पिटफायर पहिल्यांदा उडाली ती त्यानं पाहिली आणि जून १९३७ मध्ये गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. मला वाटलं होतं, मामांना यातून उभारी वगैरे मिळेल. मामांनी विचारलं, "फ्लोटमध्ये पेट्रोल भरायचे म्हणतेस, तर दोन्हीकडे सारखंच?" नाही, उजव्यात जास्त. प्रचंड इंजिनाच्या फिरकीमुळे विमान एका बाजूला झुकायचं, ते वजनानं सावरायचे. "मग बरोबर," मामा म्हणाले आणि पुन्हा तारेकडे वळले. उभारीची गरज बहुतेक मलाच होती.

आखाजी संपली, आई जळगावला परतली, मी चार दिवस जास्त राहिले. विमान पूर्ण झालेलं नाही. निळा आणि चंदेरी रंग द्यायचाय, तंगुसाच्या ताणतारा ओवायच्यात. पूर्वीसारखी मी बॉक्स घेऊन पुण्याला आले नाही. तो मामांच्या टेबलावरच आहे, कारण रोजचे तीन तास तिथे आहेत. महिन्यातून एक शनिवार-रविवार मी पुण्याहून धुळ्याची बस पकडते. कॅलेंडरवर डेडलाइनसारखंच लिहून ठेवलंय, कारण निवांतपणा मिळाला की जाऊ म्हटलं, तर काय होतं ते पलंगाखाली बघितलंय.

गेल्या आठवड्यात मामांनी दुसऱ्या फ्लोटचा फोटो पाठवला. छान गुळगुळीत घासलाय. फोटो हललेला आहे.

आईनं परवा पुन्हा किंमत विचारली. मी म्हटलं, मामांना विचार. मामांनी तिला दोनशे रुपये सांगितलेत.